यंत्र आणि गृहस्थ : पेटी उघडण्यापूर्वीं

वैद्यशास्त्रांत निदान आधीं आणि चिकित्सा मागाहून, हा क्रम सर्वांस मान्य आहे. ज्वर आला एवढ्यावरून कोणी रोग्याचें पोट फाडीत नाहीं. नाडी पाहतात, जीभ पाहतात, भूक व झोप यांची विचारपूस करितात आणि मगच औषधाची पुडी बांधितात. यंत्राच्या बाबतींत मात्र आपण सुशिक्षित म्हणविणारे लोकसुद्धां हा क्रम उलटा करितों. यंत्र अडलें कीं तें उघडून बसावें, नाहींतर ‘जुनें काढा, नवें घाला’ असें सांगणाऱ्याच्या स्वाधीन व्हावें, एवढेच दोन मार्ग आपणांस ठाऊक असतात. गेल्या कार्तिक महिन्यांत अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत राहणाऱ्या माझ्या भाच्यावर असाच प्रसंग आला होता. त्यांत मीही चुकण्याच्या बेतांत होतों, म्हणून ती हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

भाचा तेथील एका लहानशा गांवीं अध्यापक आहे. भाचेसून पंचवीस मैलांवरील इस्पितळांत रात्रपाळीस जाते. हिमवर्षावाच्या दिवसांत त्या रस्त्यानें जाऊं शकेल अशी त्यांची गाडी एकच : १९९७ सालचा जुना पिकप, म्हणजे पुढें माणसें बसण्याची खोली व मागें सामानाचा उघडा हौदा असलेली गाडी. तिचे गिअर आपोआप बदलतात. पायाखालीं क्लच नाहीं. एके सकाळीं ही गाडी जागची हलतांना चढावरील बैलगाडीप्रमाणें जड वाटूं लागली, गिअरचा दांडा ‘डी’वर आणतांच खालून धक्का बसूं लागला, आणि एरव्हीं चालतां चालतां गिअर बदलल्याची जी बारीकशी जाणीव होई, ती नाहींशी झाली. गॅरेजवाल्यानें पांच मिनिटें गाडी फिरवून निकाल दिला, ‘पेटी संपली. दुसरी बसविण्यास साडेतीन हजार डॉलर पडतील.’ गाडी घेतली होती चार हजारांस!

भाच्यानें मला फोन करून विचारलें, ‘मामा, काय करूं?’ जन्मभर यंत्रें हाताळलेल्या माणसानें अशा वेळीं ‘थांब’ म्हणावयाचें. परंतु पंचवीस वर्षांहून जुनी गाडी, पेटी झिजली असणारच, असें मनांत येऊन मी म्हणालों, ‘तो सांगतो तें खरें असेल. हिंवाळा तोंडावर आहे. पैशाकडे पाहूं नकोस.’ तेवढ्यांत भाचेसुनेचा आवाज आला, ‘मामा, एक विचारूं का? मागें घेतांना गाडी अगदीं पूर्वींसारखी चालते. पेटी संपली असती तर रिव्हर्स तरी कसा चालला असता?’

या प्रश्नानें मी खडबडून जागा झालों. रोज गाडी चालविणाऱ्या बाईनें जें पाहिलें होतें तें गॅरेजवाल्यानें पाहिलें नव्हतें, आणि मीं तर विचारलेंही नव्हतें.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा कां, हें समजण्यासाठीं पेटीची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. मोठ्या प्रमाणावर विक्रीस निघालेली पहिली पूर्ण स्वयंचलित पेटी म्हणजे ओल्ड्समोबिल गाड्यांच्या १९४० सालच्या नमुन्यांतील ‘हायड्रा-मॅटिक’. तेव्हांपासून तपशील पुष्कळ बदलला, तरी तेलाच्या दाबानें गिअर बदलण्याचें तत्त्व कायम राहिलें. इंजिन आणि पेटी यांच्यामध्यें आतां टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याची मूळ कल्पना जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फ्योटिंगर यांनीं १९०५ सालीं जहाजांसाठीं काढली. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला तर त्याच्या वाऱ्यानें दुसरा फिरूं लागतो. येथें वाऱ्याच्या जागीं तेल आहे, इतकेंच. त्यामागें दांतेचक्रांचे संच असतात : मध्यें सूर्यचक्र, भोंवतीं ग्रहचक्रें, बाहेर कडें. यांपैकीं एकास धरून ठेवून दुसऱ्यास फिरविलें कीं तिसऱ्यास निराळा वेग मिळतो. धरण्याचें काम क्लच आणि पट्टे करितात. त्यांना दाबतें तेल. आणि कोणास केव्हां दाबावयाचें हें ठरवितात झडपा.

घरच्या भाषेंत सांगावयाचें तर तेल हें अन्न, झडपा हा हुकूम आणि क्लच-पट्टे हे राबणारे गडी. परीक्षा याच क्रमानें करावी. पहिल्या दोहोंची बरीचशी परीक्षा पेटी न उघडतां होते. आणि गडी मेल्यासारखे दिसतात तेव्हां पुष्कळदां ते उपाशी असतात, किंवा त्यांना हुकूमच पोंचलेला नसतो.

प्रथम तेल. जुन्या पिकपांत तें पाहण्यास सळई असते. गाडी सपाट जागीं उभी करून, कांहीं मैल चालवून तेल तापल्यावर, इंजिन चालू ठेवून सळई पाहावी; कारण तापलेलें तेल फुगतें व थंडपणीं घेतलेलें माप फसवितें. बहुतेक गाड्यांत दांडा ‘पार्क’वर ठेवावयाचा असतो, कित्येकांत ‘न्यूट्रल’वर, गाडीच्या पुस्तकांत असेल तेंच प्रमाण मानावें. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि क्लच घसरतात. अधिक असेल तर फिरणारीं चक्रें तें घुसळून फेंस करितात आणि परिणाम तोच होतो. मापाइतकाच रंग व वासही पाहावा. नवें तेल लाल असतें. तें काळपट होऊन करपलेला वास येत असेल तर क्लचांचें अस्तर जळलें आहे. गुलाबी, दुधासारखें दिसत असेल तर रेडिएटरांतील नळी फुटून इंजिन थंड ठेवणारें पाणी तेलांत शिरलें आहे. अशी गाडी पुढें एक मैलही चालवूं नये. तेल बदलतांना खालच्या तबकांतील लोहचुंबकावर मऊ करडा गाळ दिसला तर भिण्याचें कारण नाहीं, ती रोजची झीज होय. धातूचे तुकडे दिसले तर मात्र गोष्ट निराळी.

दुसरा हुकूम. याच्या तऱ्हा गाडीच्या वयाप्रमाणें निरनिराळ्या आहेत. पुष्कळ जुन्या पेट्यांत इंजिनाच्या ओढीवर चालणारी पडद्याची डबी असते. तिचा पडदा फाटला तर इंजिन पेटींतील तेलच ओढून जाळूं लागतें. खालीं थेंबही न गळतां तेल कमी होतें आणि मागून पांढरा धूर निघतो. असें दिसलें तर ती एक डबी बदलून काम भागण्याचा संभव असतो. जनरल मोटर्सच्या ‘सेव्हन-हंड्रेड-आर-फोर’ या पेटींत हेंच काम पायाखालच्या अक्सिलरेटरशीं जोडलेली तार करिते. ती ढिली राहिली तर तेलाचा दाब कमी पडून चांगले क्लच थोड्याच दिवसांत जळतात. पुढें विजेच्या झडपा आल्या. त्यांना सॉलेनॉइड म्हणतात आणि त्यांना हुकूम देतो संगणक. अमेरिकेंत १९९६ सालच्या नमुन्यांपासून प्रत्येक मोटारींत व हलक्या ट्रकांत या संगणकाची तक्रार वाचण्याचें एकाच नमुन्याचें सॉकेट ठेवणें सक्तीचें झालें. त्यांत एक लहानसें यंत्र जोडलें कीं दोषाचे अंक वाचतां येतात. परंतु तो अंक बिघडलेल्या भागाचें नांव नव्हे. कोणत्या वाटेवर शोध करावा एवढेंच तो सांगतो.

तिसरे गडी. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग चढत नाहीं, याला घसरणें म्हणतात. तेल पुरेसें असून व हुकूम ठीक असून असें होत असेल तर क्लच किंवा पट्टा झिजला असें समजावें. कोणते गिअर गेले आणि कोणते राहिले याची यादी केली तर आंतील मोडका भाग पुष्कळदां बाहेरूनच ओळखतां येतो. जनरल मोटर्सच्याच ‘फोर-एल-सिक्स्टी-ई’ पेटींत दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिघे एकदम गेले व पहिला आणि तिसरा शाबूत राहिला, तर सूर्यचक्रास फिरविणारी पत्र्याची वाटी तुटली असें जाणता कारागीर उभ्या उभ्या सांगतो; कारण त्या तिघांना सामायिक असा तोच भाग आहे. आणखी एक सोपी परीक्षा अशी : ताशीं चाळीस-पंचेचाळीस मैलांच्या सावकाश चालींत गाडी थरथरूं लागली, तर उजवा पाय अक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायानें ब्रेकला नुसता स्पर्श करावा. मागें गाडी नाहीं असें पाहून मोकळ्या रस्त्यावरच हें करावें. ब्रेकचा दिवा लागतांच कन्व्हर्टरमधील क्लच सुटतो. थरथर त्याच क्षणीं थांबली तर दोष बहुधा तेथें आहे, न थांबली तर इंजिनाकडे पाहावें.

आतां भाच्याच्या गाडीकडे वळूं. मीं विचारलें, ‘इंजिन गरजतें पण गाडी चालत नाहीं, असें होतें का?’ भाचेसून म्हणाली, ‘छे, उलट इंजिन दबल्यासारखें वाटतें.’ म्हणजे घसरण नव्हती. गाडी उंच गिअरवरून निघत होती. भाच्यानें सळई पाहिली. तेल मापास भरलेलें, लाल आणि निर्वास. अन्न ठीक होतें. मग त्याला शेजाऱ्याकडून अंक वाचण्याचें यंत्र मागून आणावयास सांगितलें. तक्ताडावरचा पिवळा दिवा लागलेलाच होता. ‘तो पूर्वींपासून कधींमधीं लागतो’ म्हणून कोणी त्याकडे लक्ष दिलें नव्हतें. अंक दोन निघाले : पी ०७५३ आणि पी ०७५८. पहिला गिअर बदलणाऱ्या एका सॉलेनॉइडच्या विजेविषयीं, दुसरा दुसऱ्याच्या. दोघे भाऊ एकाच दिवशीं आजारी पडले तर दोघांनीं मिळून काय खाल्लें तें विचारावें. दोन्हीं झडपा एकदम निकामी होणें दुर्मिळ. दोहोंना वीज पुरविणारा फ्यूज मात्र एकच असतो.

तो जळालेला निघाला आणि सर्व लक्षणें एका सूत्रांत आलीं. अशा कित्येक पेट्यांची योजनाच अशी आहे कीं वीज तुटली तर पुढें जाण्यास फक्त तिसरा गिअर राहावा, म्हणजे गाडी कशीबशी घरीं पोंचेल. म्हणून ती जड निघे. क्लच घसरूं नयेत म्हणून त्या वेळीं तेलाचा दाब पूर्ण चढतो. म्हणून धक्का बसे. आणि रिव्हर्सचा हुकूम विजेचा नव्हे, दांड्यानें सरकणाऱ्या झडपेचा. म्हणून तो शाबूत होता.

तरी नवा फ्यूज घालून काम संपलें नाहीं. तो दुसऱ्या दिवशीं जळाला. अशा वेळीं जाड फ्यूज घालण्याचा मोह होतो. तो कटाक्षानें टाळावा, नाहींतर फ्यूजाऐवजीं तारा जळतात. गाडीखालीं पाहतां पेटीकडे जाणारा तारांचा जुडगा चिमट्यांतून सुटून सायलेन्सरच्या तापलेल्या नळावर टेकलेला आढळला. वेष्टण वितळून एक तार उघडी पडली होती. ती नीट जोडून, गुंडाळून, जुडगा पुन्हां जागीं बांधला. खर्च सारा मिळून वीस डॉलरांच्या आंत झाला आणि गाडी पूर्वीप्रमाणें चारही गिअर बदलूं लागली.

प्रत्येक हकीकतीचा शेवट असा फ्यूजावर होईल, असें मात्र कोणी समजूं नये. तेल करपलें असेल आणि गाडी घसरत असेल तर पेटी खरोखरीच उघडावी लागते, आणि चांगल्या कारागिराला त्याचे पैसे आनंदानें द्यावे. तेव्हांही त्याला विचारावें कीं क्लच जळले कशानें? तेल थंड करणारी नळी तुंबली होती काय, दाब कमी होता काय? कारण मूळ दोष तसाच राहिला तर नवी पेटीही जुनीच्याच वाटेनें जाईल. आपल्याकडे आतां स्वयंचलित गाड्या पुष्कळ घरीं आल्या आहेत. त्यांतील अनेकींना तेलाची सळईच नसते. तेथें ही परीक्षा गॅरेजांतच करवून घ्यावी, पण क्रम हाच ठेवावा.

वाचकांस एवढेंच सुचवावेसें वाटतें. गाडी गॅरेजांत नेण्यापूर्वीं एका कागदावर लिहून काढावें : कोणते गिअर चालतात, कोणते नाहींत, दोष थंडपणीं दिसतो कीं तापल्यावर, इंजिनाचा आवाज चढतो कीं दबतो, तेलाचें माप, रंग, वास, आणि कोणता दिवा लागला आहे. हें लिहितांना घरांत जो रोज ती गाडी चालवितो त्याला किंवा तिला आधीं विचारावें. मीं तें विचारलें नव्हतें, आणि माझ्या सल्ल्यानें भाच्याचे साडेतीन हजार डॉलर फुकट गेले असते. भाचेसुनेस मीं तसें पत्रानें कळविलें आहे. पहिला बर्फ पडला त्या रात्रीं ती त्याच गाडीनें कामावर गेली.