फायरवॉलला वळसा

दुपारी सर्व्हर डाउन होतो, खिडकीबाहेर उताऱ्यासाठी आणि दाखल्यासाठी रांग वाढते, आणि आत कुणीतरी खिशातला मोबाईल काढून हॉटस्पॉट सुरू करतो. परभणी असो की पालम, जिंतूर असो की सोनपेठ, सरकारी कार्यालयात जाणाऱ्या कुणाला हे नवे नाही. यात बदमाशी नसते, बहुतेक वेळा कामाची तळमळच असते. म्हणून या सवयीला कुणी हटकतही नाही.

बिघडते ते असे. जिल्हा आणि तालुक्याची कार्यालये महास्वान या राज्याच्या जाळ्याने जोडलेली आहेत. तिथली ये-जा फायरवॉल तपासते आणि त्या ये-जेची नोंद राहते. तिथलाच एखादा संगणक एका बाजूने कार्यालयाच्या केबलला आणि दुसऱ्या बाजूने मोबाईलला जोडला, की फायरवॉल जागच्या जागी राहते आणि धोका दुसऱ्या वाटेने आत येतो. मोफत व्हीपीएन किंवा प्रॉक्सी साइट याहून वाईट. बंद केलेली साइट उघडते खरी, पण आपली सगळी वाहतूक कुणा अनोळखी माणसाच्या सर्व्हरवरून जाते. भाजीवाल्याने जुडी फुकट दिली तर आपण ती निरखून पाहतो. इथे पाहत नाही.

केंद्र सरकारने जून 2022 मध्ये कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत बाहेरची व्हीपीएन सेवा, ओळख लपवणारे टॉर, दुरून संगणक चालवू देणारे एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर यांना मनाई आहे. सरकारी कागद गुगल ड्राइव्हवर ठेवण्यालाही. ही नुसती कागदी काळजी नव्हे. कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाच्या प्रशासकीय जाळ्यातील, इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात मालवेअर सापडल्याचे ऑक्टोबर 2019 मध्ये मान्य करण्यात आले. अणुभट्टीच्या नियंत्रणाचे जाळे पूर्ण वेगळे होते, त्यामुळे मालवेअर तिथवर पोचले नाही. दोन जाळी एकत्र होऊ न देण्याचा नियम किती मोलाचा असतो, ते तिथे दिसले.

आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्याचा धडा वेगळा आहे. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील अतिवृष्टी अनुदानाच्या घोटाळ्यात तहसीलदारांच्या लॉगिन-पासवर्डचा गैरवापर झाल्याचे चौकशीत समोर आले. साहेब बैठकीला गेले, म्हणून पासवर्ड दुसऱ्याकडे देण्याची रीत सगळीकडेच आहे. तिचा परिणाम हा की संगणकाच्या नोंदीत एकाचे नाव येते आणि बटण दुसऱ्याने दाबलेले असते. पुढे जबाबदारी कुणाची, हे ठरवणे अवघड होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 नुसार परवानगीशिवाय संगणकात शिरणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी येते. हेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केले तर कलम 66 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मात्र सगळा दोष लिपिकाच्या माथी मारणे आम्हाला पटत नाही. जाळे तासन्‌तास बंद राहत असेल आणि तक्रार नोंदवूनही कुणी फिरकत नसेल, तर माणूस आडवाट शोधणारच. अधिकृत पर्यायी जोडणी आणि रजेच्या काळात अधिकार रीतसर दुसऱ्याकडे सोपवण्याची सोय, एवढे झाले तरी निम्मे हॉटस्पॉट आपोआप बंद होतील.

आणखी एक. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणे 2022 पासून बंधनकारक आहे. पेनड्राइव्ह लावल्यावर मशीन विचित्र वागू लागले, हे सांगणाऱ्याच्या हाती कारणे दाखवा नोटीस पडणार असेल, तर हे सहा तास गप्प बसण्यातच जातील. त्याच दिवशी स्वतःहून सांगणाऱ्याला संरक्षण द्यायचे की नाही, हे प्रत्येक कार्यालयप्रमुखाने लेखी स्पष्ट करायला हवे.