ओळंब्याचा दाखला

रायपूरच्या पुरानी बस्तीत महामाया मंदिराजवळच्या जुन्या भिंती पाहताना मला नेहमी वाटतं, त्या बांधणाऱ्याला कुणी दहावीची गुणपत्रिका मागितली नसणार. आज थापी आणि ओळंबा घेऊन दुबईला निघालेल्या इथल्या मिस्त्रीला मात्र पहिला अडसर तोच. दहावी झालेली नसेल, तर सहसा पासपोर्टवर ‘ईसीआर’ची (उत्प्रवासन तपासणी आवश्यक) नोंद होते आणि १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार आखातासह १८ देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते. (जाच वाटतो खरा, पण फसवणूक रोखायलाच तो आहे.)

कामाची पारख मात्र कागदावर होत नाही. २०२४ च्या सुरुवातीला इस्रायलसाठी हरियाणातल्या रोहतकला बांधकाम कामगारांची भरती झाली, तेव्हा शटरिंग, सळई वाकवणं, फरशी, गिलावा ही कामं उमेदवारांकडून प्रत्यक्ष करवून घेतली. परीक्षा हाताची! तिकडे युद्ध सुरू होतं, तरी रांगा लागल्या. घरच्या मजुरीबद्दल त्या रांगा बरंच सांगून गेल्या.

परदेशी कामाला पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क घेता येतं जास्तीत जास्त ३०,००० रुपये, वर जीएसटी. लाखभर मागणारा भेटला, तर आधी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधा. आणि पावती घ्या.