प्रवेशाच्या बाजारातील नवे भिक्षुक





१८७३ साली सत्यशोधक समाज काढून जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्यास सांगितले की, देव आणि माणूस यांच्यामध्ये दलालाचे काही काम नाही. त्या गोष्टीस आता दीडशे वर्षे होऊन गेली. लग्नाच्या मांडवातला दलाल कोठे हटला, कोठे नाही. तो हिशेब आज बाजूस ठेवू. पण बारावीचा निकाल लागला रे लागला, की खेड्यापाड्यांतून एक नवाच भिक्षुक हिंडू लागतो, त्याच्याविषयी मात्र आज लिहिल्यावाचून राहवत नाही. याच्या खांद्यावर उपरणे नाही, गळ्यात ओळखपत्राची दोरी आहे. हातात पंचांग नाही, कॉलेजांची रंगीत माहितीपुस्तके आहेत. ज्याच्या पोराला इंजिनिअरिंगची आवड आहे अशा बापाचे घर याला बरोबर सापडते. ओसरीवर बसून चहा पितो आणि म्हणतो, "काका, काळजी सोडा. पोराची जागा मी पक्की करतो."

शेतकरी बंधूंनो, ही जागा याच्या बापाची आहे काय, की ती याने पक्की करावी?

तुम्ही बैलबाजारात जाता तेव्हा कसे वागता ते आठवा. बैलाचे दात पाहता, खूर पाहता, चार पावले चालवून पाहता. जमले तर औताला जुंपून पाहता, आणि मगच कनवटीस हात घालता. हेडे उपरण्याखाली बोटे दाबून भाव करू लागला तर तुम्ही सावध होता, कारण उपरण्याखालचा सौदा कोणाच्या पोटावर येतो हे तुम्हांस पक्के ठाऊक असते. तेच तुम्ही! एका बैलासाठी चार बाजार हिंडणारे! पोराच्या चार वर्षांचा आणि घरच्या लाखो रुपयांचा सौदा मात्र एका परक्या माणसाच्या शब्दावर करून मोकळे होता. कॉलेजचे दात कोणी पाहिले? खूर कोणी पाहिले? फाटक मोठे, इमारत काचेची, बसगाड्या पिवळ्या, एवढे पाहून बाप खूश! बैलाच्या शिंगांना बेगड लावली म्हणजे तो औत ओढतो काय?

हा माणूस तुमच्याकडून एक पैसाही मागत नाही, म्हणून तुम्हांस तो धर्मात्मा वाटतो. अहो, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी! ज्या कॉलेजच्या जागा रिकाम्या राहतात, ते कॉलेज यास डोईमागे पैसे मोजते. जे कॉलेज आपल्या गुणावर भरते, त्यास तुमच्या ओसरीवर माणूस धाडण्याची गरजच काय? एवढे एकच ध्यानात धरा, म्हणजे अर्धे काम झाले.

आता हा इसम जे विकतो ते खरोखर काय आहे, ते पाहू. १९८३ साली महाराष्ट्र सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हापासून हा बाजार उघडला. देणग्यांचा सुळसुळाट झाला म्हणून १९८७ साली देणगीबंदीचा कायदा झाला, आणि २०१५ साली प्रवेश व फी या दोहोंवर अंकुश ठेवणारा कायदा आला. त्या कायद्यान्वये खासगी कॉलेजातल्या बहुतेक जागा सरकारी सीईटी कक्षाच्या केंद्रीय फेऱ्यांतून भरतात. फार तर शेकडा २० जागा संस्थेच्या हाती राहतात, आणि त्यादेखील अर्ज मागवून गुणानुक्रमेच भरावयाच्या असतात. मग "जागा बुक करतो" याचा अर्थ काय? एक तर ती जागा पोराला त्याच्या गुणांवर मिळणारच होती, आणि हा फुकटचे श्रेय घेतो. नाही तर कायद्याने बंद केलेला उपरण्याखालचा सौदा हा तुमच्याकडून करवून घेतो.

यातील खरा घात तर पुढेच आहे. सरकारची फीसवलत ही केंद्रीय फेरीतून प्रवेश घेणाऱ्यालाच आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती घ्या. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलाची तीतून निम्मी शिक्षण फी सुटते. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागासवर्गीय घरांतील मुलींची, उत्पन्नाची तीच अट ठेवून, सगळी शिक्षण फी व परीक्षा फी माफ झाली. पण संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली! खासगी विद्यापीठात किंवा अभिमत विद्यापीठात नाव घातले, तरीही गेली! दलाल मात्र नेमके हेच दोन दरवाजे दाखवितो, कारण त्याची दलाली त्याच दरवाजांशी बांधलेली असते. ज्या मुलीस सरकार फुकट शिकवावयास तयार आहे, तिचा बाप सावकाराच्या दारात उभा राहतो, यास काय म्हणावे?

माझ्या शाळेतून गेलेल्या एका मुलाच्या बापाने दोन एकर गहाण टाकून अशीच जागा घेतली. पुढे यादी पाहता कळले की, त्याच गुणांवर पोरास घराजवळच्या बऱ्या कॉलेजात सरळ जागा मिळत होती. तिकडे जावे म्हटले, तर पहिल्या कॉलेजने मूळ दाखले अडकवून धरलेले. वास्तविक, दाखले अडकवून ठेवण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची स्पष्ट मनाई आहे. पण मनाई असते कागदावर, आणि दाखले असतात कॉलेजच्या कपाटात. मूळ दाखला दाखवावा, पडताळू द्यावा आणि आपल्या पिशवीत परत घालावा, हे प्रत्येक बापाने मुखोद्गत करावे.

कोणी म्हणेल, "मास्तर, तुम्ही अध्यापक विद्यालयात शिकलेले, पोरांना बाराखडी शिकविणारे, इंजिनिअरिंगचे तुम्हांस काय कळते?" खरे आहे. यंत्रशास्त्र मला कळत नाही. पण यादी वाचता येते, आणि यादी वाचण्यापलीकडे या कामात गूढ असे काही नाही. भिक्षुकाची सत्ता पोथी संस्कृतात होती तोवर टिकली. ही पोथी तर मोबाइलवर उघडी पडलेली आहे! ती कशी वाचावी ते सांगतो.

पहिली यादी मागील वर्षाच्या प्रवेशांची. कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेस, कोणत्या प्रवर्गात, कोणत्या फेरीत किती पर्सेंटाइलवर जागा बंद झाली, हे सीईटी कक्ष स्वतः प्रसिद्ध करतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हेही येथेच समजून घ्यावे. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरांतल्या नव्वद मुलांच्या बरोबरीने किंवा त्यांच्या पुढे; नव्वद गुण नव्हेत. दुसरी यादी फीची. शुल्क नियामक प्राधिकरणाने कोणत्या कॉलेजास किती फी मंजूर केली, ते त्याच्या संकेतस्थळावर असते. त्यावर मागितलेला पैसा हा बेकायदा पैसा. तिसरी यादी मान्यतेची. नॅक हे सगळ्या संस्थेस मिळून एक मान्यता देते, एनबीए मात्र शाखेशाखेस वेगळी मान्यता देते आणि तीही मुदतीची असते. म्हणून ज्या शाखेत पोरगा जाणार तिची मान्यता आज चालू आहे काय, एवढेच विचारावे. नुसत्या श्रेणीच्या पाटीवर भुलू नये. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या एका तपासणी समितीतील मंडळींनाच लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली, हे सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे.

याद्या पाहून झाल्या म्हणजे एक दिवस एसटीने जाऊन कॉलेज पाहावे. सुटीच्या दिवशी नव्हे, कामाच्या दिवशी. फाटकावर थांबू नये. थेट वर्कशॉपात जावे. लेथवर धूळ आहे की तेल, एवढे तर शेतकऱ्यास कळते! शिकविणारे किती, ते मोजावे. वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे परिषदेचे प्रमाण आहे. तिसऱ्या वर्षाच्या चार पोरांना चहा पाजून विचारावे की, बाबांनो, प्रयोग हाताने करता की वही उतरवता? वसतिगृह कितीला पडते? "शंभर टक्के नोकरी" असे फलकावर आहे, ती कोणत्या कामाची आणि कोणत्या पगाराची? ही पोरे खरे बोलतात, कारण त्यांना दलाली मिळत नाही.

पसंतीयादी भरताना पोराची जी खरी आवड तीच वर लिहावी. यंत्र आपल्या गुणांत बसणारी सर्वांत वरची पसंती देते, म्हणून मोठे नाव वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते. म्हणून जे नको ते दलालाच्या सांगण्यावरून पहिले कधीही लिहू नये. शिक्षण फीमाफीच्या शेकडा ५ जास्तीच्या जागा असतात, त्यांचा पर्याय वेगळा भरावा लागतो, तोही विसरू नये. आणि पासवर्ड? तो तिजोरीच्या किल्लीप्रमाणे घरातच राहिला पाहिजे.

शाखेविषयी एवढेच की, हल्ली जो तो संगणकाच्या मागे धावतो. २०२४-२५ पासून परिषदेने बऱ्या कॉलेजांवरील शाखेच्या जागांची मर्यादा उठविली, तेव्हापासून तर या जागांचा पूर आला आहे. पुराच्या पाण्यात सगळेच वाहते, गढूळही आणि निर्मळही. जो पोरगा विहिरीवरची जळलेली मोटार उघडून पाहतो, त्यास विजेच्या शाखेत जाऊ द्यावे. ज्यास बंधारा कसा अडतो याचे कोडे पडते, त्याने स्थापत्य घ्यावे. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, आणि 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात पाणी व माती अडविण्यासाठी ताली-बंधारे घालण्याचा आग्रह त्यांनी धरला. शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. ही विद्या आपल्या शिवारास परकी नाही. शिवाय ज्यास बारावीची दोन वर्षे आणि क्लासची फी झेपत नाही, त्याने दहावीनंतर सरकारी तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घ्यावी. तेथून पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट जाता येते. ही वाट स्वस्त आहे, आणि हात कामास लावणारी आहे. म्हणूनच दलाल ती कधी सांगत नाही.

आता एक कडू गोष्ट. हे कॉलेजवाले पुष्कळदा आपल्यातलेच असतात. व्यासपीठावर फुले-शाहूंच्या तसबिरीस हार, आणि खालच्या खोलीत पावतीशिवाय पैसे! सगळेच तसे नाहीत. खासगी संस्थांतही मन लावून शिकविणारी कॉलेजे आहेत, आणि ती वरच्या तीन याद्यांत तुम्हांस आपोआप सापडतील. पण "आपला माणूस आहे" एवढ्यावर खिसा मोकळा करू नका. रयतेच्या पैशावर वरचे शिकतात आणि रयतेची पोरे कोरडी राहतात, ही तक्रार जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडली होती. लुटणारा परका असो की घरचा, गहाण पडते ती जमीन एकच!

माझ्या शिक्षकबंधूंनाही विनंती. जातीच्या पडताळणीसाठी शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरचा उतारा लागतो, आणि ते रजिस्टर आपल्याच कपाटात असते. निकालानंतर धावाधाव होते, वैधता प्रमाणपत्र वेळेवर येत नाही, आणि हक्काची जागा जाते. पोर अकरावीत गेले की बापास बोलावून हा उतारा द्यावा. उत्पन्नाचा व नॉन-क्रीमीलेअरचा दाखला कधी काढावा तेही सांगावे. निकालाच्या आठवड्यात शाळेच्या एका खोलीत बसून गावातील चार पोरांच्या पसंतीयाद्या त्यांच्याच हातून भरवून घ्याव्यात. एवढे झाले तर ओसरीवर चहा पिणारा तो पाहुणा पुढील वर्षी गावाची वेस ओलांडणार नाही.

आपला,
एक खेड्यातील शिक्षक