कॉलेजची फाईल आठवीत उघडा

दहावी-बारावीचे निकाल लागले की खामगावातल्या सेतू केंद्रांवर रांगा लागतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार, रेशनकार्ड, टीसी, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न: ‘शेवटची तारीख कधी आहे?’ या रांगेत आपल्या मोहल्ल्यांतले अब्बा आणि भाईजान दरवर्षी दिसतात. एका जून महिन्यात मीही तिथे अब्बांबरोबर उभा होतो.

बारावीला मला चांगले मार्क होते, सीईटीचा स्कोअरही बरा होता. आम्ही मणियार, म्हणजे ओबीसीत मोडतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कागदावर मात्र ते कुठेच नव्हतं. माझ्या टीसीवर ‘मुस्लिम’, अब्बांच्या टीसीवर ‘मुसलमान’. जातीचा दाखला नाही म्हणून व्हॅलिडिटी नाही, व्हॅलिडिटी नाही म्हणून राखीव जागा नाही. खुल्या वर्गातून जे कॉलेज मिळत होतं, त्याची फी घराच्या आवाक्याबाहेर होती. ते वर्ष गेलं. पुढे काही महिन्यांच्या शोधानंतर दादांच्या थोरल्या भावाची एक जुनी नोंद सापडली, तीत जात लिहिलेली होती. ती वही इतकी वर्षं सरकारी कपाटातच होती. आम्हीच ती मागायला कधी गेलो नव्हतो.

म्हणून मित्रांनो, आज एकच गोष्ट सांगायची आहे. कॉलेजची तयारी बारावीच्या निकालानंतर करायची गोष्ट नाही. ती आठवीत सुरू होते आणि दरवर्षी थोडी थोडी करावी लागते. श्रीमंत घरात हे काम पैसा करतो, शिकलेल्या घरात आई-वडिलांचा अनुभव करतो. आपल्यापैकी बऱ्याच घरांत या दोन्ही गोष्टी नाहीत. तिथे नियोजन हीच पुंजी.

हा प्रश्न एका घराचा नाही. २०११च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत मुस्लिम १४.२ टक्के आहेत. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२०-२१ साली कॉलेज-विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांत आपला वाटा होता फक्त ४.६ टक्के, आणि आदल्या वर्षापेक्षा आपली संख्या तब्बल ८ टक्क्यांनी घटली होती. सच्चर समितीने २००६मध्ये जे दाखवून दिलं, ते अजून बदललेलं नाही.

आता वर्षावार पाहू.

आठवी. या वर्षी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. सातवीत किमान ५५ टक्के गुण, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित, एवढं असलं की बसता येतं. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८ हजार. आपल्या उर्दू आणि मराठी शाळांतली कितीतरी हुशार मुलं केवळ कुणी सांगितलं नाही म्हणून या परीक्षेला बसत नाहीत. याच वर्षी घरात एक फाईल करा. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर या तिन्हींत नाव सारखं आहे का ते बघा. शेख कुठे एका स्पेलिंगने, कुठे दुसऱ्या. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे अर्धं. बोर्डाच्या फॉर्मवर जे छापलं जाईल ते जन्मभर सोबत राहतं. दुरुस्ती त्याआधी सोपी, नंतर जिकिरीची.

नववी. हे वर्ष जातीच्या पुराव्याचं. बागवान, अत्तार, पिंजारी, तांबोळी, मणियार असे कितीतरी मुस्लिम समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. विमुक्त-भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. आजोबा किंवा त्यांचे भाऊ ज्या शाळेत गेले तिथला दाखल-खारिज रजिस्टरचा उतारा काढा. ते शाळेतच गेले नसतील तर कोतवाल बुक बघा. आपल्या वऱ्हाडात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवी, त्या वहीची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते. काका किंवा चुलतभावाकडे व्हॅलिडिटी असेल तर त्याची प्रत आधी मागून घ्या. या शोधाला कधी आठवडा लागतो, कधी वर्ष. म्हणूनच तो नववीत सुरू करायचा.

इथे घरात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘इस्लाममध्ये जात नाही, मग हा दाखला कशाला?’ दीनाच्या बाबतीत ते बरोबरच आहे. मशिदीच्या सफेत बागवान आणि सय्यद खांद्याला खांदा लावून उभे राहतात. पण हा दाखला आपल्या ईमानाबद्दल काही सांगत नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या धंद्यामुळे आणि गरिबीमुळे एखादा समाज शिक्षणात मागे राहिला, एवढीच त्यात नोंद असते. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली आणि दिलीपकुमार तिच्यासाठी सभांना आले, ते हेच समजावण्यासाठी. जे या यादीत नाहीत, त्या गरीब सय्यद-पठाण घरांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. खोटा दाखला मात्र कुणीही काढू नये. कायद्यात त्याला शिक्षा आहे, पदवीही जाते, आणि हक्कदाराची जागा खाल्ल्याचा गुन्हा उरतो तो वेगळाच.

दहावी. निकालानंतर ‘सायन्स की आर्ट्स’ एवढाच वाद घरात होतो. पर्याय त्याहून जास्त आहेत. खामगावात शासकीय तंत्रनिकेतन आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि शेजारच्या शेगावात इंजिनिअरिंग कॉलेज आहेच. गॅरेजमध्ये वडिलांच्या हाताखाली वाढलेल्या मुलाला मेकॅनिकलचा डिप्लोमा परका वाटणार नाही. वकिलीकडे ओढा असेल तर आर्ट्स घेऊन बारावीनंतर लॉ सीईटी देता येते. अकरावीचा प्रवेश २०२५पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे, तेव्हा कागदांची तयारी दहावीच्या निकालाआधीच हवी.

अकरावी-बारावी. अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, हा समज महागात पडतो. राज्याच्या सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे असतात. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न उर्दू-मराठीतही मिळतात, गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. उर्दू माध्यमातल्या मुलांनी गणिताचे इंग्रजी शब्द अकरावीपासूनच जिभेवर चढवावेत. सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, नीटमध्ये कापतात. सरावाची पद्धत त्याप्रमाणे ठेवा. व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत करा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. नॉन क्रिमीलेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते का तेही बघून ठेवा.

आता आपल्या बहिणींविषयी. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच की प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला असावा. म्हणजे दाखला असलेल्या मुलीला फी माफ. तितकीच गरीब पण दाखला नसलेली मुलगी खुल्या वर्गात मोजली जाते आणि फी भरते, किंवा घरी बसते. बुलढाण्यात २०२४पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. ‘लांब कुठे पाठवायचं?’ ही अम्मींची काळजी खोटी नाही. पण ती काळजी बोलून दाखवायची वेळ नववीत आहे. तेव्हा बोललं तर वसतिगृह, सोबतीच्या मैत्रिणी, एसटीची वेळ असा मार्ग काढता येतो. बारावीनंतर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ उरतं, आणि बहुतेकदा ‘नाही’च.

काही वाचक विचारतील, सगळा भार मुलांवरच का? सरकारची जबाबदारी नाही का? आहे. २०१४मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या पाच टक्के मुस्लिम आरक्षणाला स्थगिती दिली नव्हती, तरी त्या अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो बारगळला. २०२२मध्ये केंद्राने पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आणि मौलाना आझाद फेलोशिप बंद केली. याविरुद्ध आपण बोलत आलो आहोत, यापुढेही बोलू. पण मोर्चाची तारीख पुढे ढकलता येते, फॉर्मची येत नाही. आणि जे हक्क कागदावर शिल्लक आहेत ते वापरलेच नाहीत, तर उरलेले मागताना आपला आवाज कमी पडतो.

तेव्हा कामाचं बोलू. जे आज कॉलेजात आहेत त्यांनी आपल्या मोहल्ल्यात आठवी-नववीची मुलं-मुली किती आहेत याची वहीत यादी करावी. महिन्यातून एक रविवार मदरशाच्या किंवा शाळेच्या खोलीत टेबल टाकून बसावं आणि प्रत्येकाची फाईल बघावी. जुम्याच्या नमाजनंतर चार तारखा जाहीर करायची विनंती इमामसाहेबांना करावी. ते नाही म्हणणार नाहीत. ज्यांच्या घरात व्हॅलिडिटी आहे त्यांनी भावकीतल्या मुलांना ती दाखवायला कचरू नये.

तुम्ही स्वतः आठवी-नववीत असाल तर आज रात्री जेवताना दादा-दादींना एवढंच विचारा: तुम्ही कोणत्या गावात जन्मलात, आणि कोणत्या शाळेत गेलात? उत्तर लिहून ठेवा. हे सांगणारं माणूस अजून घरात आहे तोवर विचारून घ्या. आमच्या घरात विचारायला उशीर झाला होता, म्हणूनच आमचा शोध इतका लांबला.