आजीला बसवून ठेवू नका

घरातली आजी एकदा अंगणात घसरून पडली, की हाड मोडलेले नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावरही आपण म्हणतो, "आता तू काही करू नकोस, बसून राहा." हे मायेपोटीच असते. पण माझ्या मते खरे दुखणे येथूनच सुरू होते. अंगाचा भार पडत राहिला तरच हाडे टिकतात. बसून बसून ती विरळ होतात, मांड्यांतले बळ जाते, तोल सुटतो; आणि ज्याची धास्ती घेतली तेच होते. आजी पुन्हा पडते व खुब्याचे हाड मोडते.

पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत बाईच्या हाडांची झीज झपाट्याने होते. तेव्हापासून तिला रोज सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. १०० ग्रॅम नाचणीत ते ३५० च्या आसपास असते. आपल्या शेतातली नाचणी विकून आपण पांढरा तांदूळ आणतो, हे मला तरी पटत नाही! नाचणीची भाकरी, ताकातली आंबील, तीळ, काट्यासकट खाता येणारी बारीक सुकी मासळी ताटात असू द्या. थोडे ऊनही अंगावर घ्यावे. मिश्री मात्र सोडावी. तंबाखूने हाडे झिजतात.

आजीची भीती नुसत्या उपदेशाने जात नाही. अंगणातले शेवाळ घासून काढा, न्हाणीत धरायला दांडा बसवा, रात्री दिवा ठेवा. मग तिला हाताला धरून आधी परसापर्यंत न्या, पुढच्या आठवड्यात विहिरीपर्यंत. काठीची तिला लाज वाटत असेल, तर आजोबांनी आपली काठी आधी बाहेर काढावी.