मेंदूतील लहर आणि माणसावरचा आरोप

२००८ हे वर्ष विज्ञानाच्या बातम्या वाचणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. त्या वर्षी जर्मनीतील जॉन-डायलन हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणूस डावे बटण दाबणार की उजवे, हे त्याला स्वतःला उमगण्याच्या काही सेकंद आधी, फार तर दहा सेकंद आधी, त्याच्या मेंदूच्या प्रतिमांवरून काही अंशी ओळखता येते, असा त्याचा निष्कर्ष होता. इच्छास्वातंत्र्य हा भ्रम ठरला, अशी हाकाटी जगभर झाली. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात एका तरुणीला जन्मठेप सुनावली आणि इतर पुराव्यांसोबत तिच्या मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा अहवालही ग्राह्य धरला. पहिल्या बातमीवरून निष्कर्ष निघाला की कोणीच दोषी नसतो. दुसरीवरून निघाला की दोषी हमखास सापडतो. दोन्हीकडे साक्षीदार एकच, मेंदू. आणि दोन्हीकडे त्याच्या तोंडी असे शब्द घातले गेले, जे तो बोललाच नव्हता.

पहिल्या दाव्याचे मूळ जुने आहे. स्वेच्छेने बोट हलवण्यापूर्वी डोक्यावर लावलेल्या विद्युत्‌अग्रांवर एक संथ लहर चढत जाते, हे कोर्नह्यूबर आणि डेके यांनी १९६५ मध्ये दाखवले. बेंजामिन लिबेट यांनी १९८३ मध्ये तिला घड्याळ जोडले. लहर हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू होते, तर ‘आता हलवावे’ ही जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी होते. यावरून मेंदू आधी ठरवतो आणि माणूस मागाहून सही करतो, असे सुभाषित तयार झाले. जणू मेंदू हा कोणी तिसराच इसम असावा आणि माणूस त्याच्या दाराशी अर्ज घेऊन ताटकळत असावा! २०१२ मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी या लहरीचा साधा अर्थ पुढे ठेवला. मेंदूतील हेलकावे सतत चढउतार करीत असतात. हलण्याचे काही कारणच नसताना ते ज्या क्षणी उंबरठा ओलांडतात, तेव्हा हालचाल होते. मागे वळून सरासरी काढली की तेच हेलकावे आधी घेतलेल्या ‘निर्णया’सारखे दिसतात. २०१९ मध्ये उरी माओझ, लिआद मुद्रिक आणि सहकाऱ्यांनी लोकांना बटणांऐवजी खऱ्या देणगीचा निर्णय दिला: हजार डॉलर कोणत्या संस्थेला जावेत? निवडीने काही फरक पडणार नव्हता तेव्हा ती प्रसिद्ध लहर दिसली. फरक पडणार होता तेव्हा ती जवळजवळ दिसलीच नाही. हेन्स यांच्या प्रयोगातील अचूकता साठ टक्क्यांच्या आसपास होती, आणि नाणे उडवले तरी पन्नास टक्के अंदाज बरोबर येतात. एवढ्या भांडवलावर माणसाच्या उत्तरदायित्वाचे दिवाळे जाहीर करणे हा उतावीळपणा होय.

दुसरा दावा अधिक घातक, कारण त्याने तुरुंगाचे दार उघडते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये पूर्वी काम केलेले मानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केलेल्या ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर’ या चाचणीत आरोपीने तोंड उघडण्याचीही गरज नसते. डोक्यावर विद्युत्‌अग्रे लावून त्याला घटनेविषयीची विधाने ऐकवली जातात आणि त्याला ती गोष्ट केवळ ठाऊक आहे की त्याने ती स्वतः अनुभवली आहे, हे लहरींवरून कळते असे सांगितले जाते. ऐकीव माहिती आणि स्वानुभव यांतील ही सीमारेषा संगणकाला दिसते, असे मानायला आधार काय? पोलीस कोठडीत ज्याला एकच प्रसंग पुन्हा पुन्हा ऐकवला गेला आहे, त्याच्या मनात तो प्रसंग चित्रासारखा उभा राहणारच. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये २४ जणांना त्यांच्या बालपणातील एक प्रसंग सांगितला: दुकानांच्या गर्दीत ते हरवले होते. प्रसंग बनावट होता. तरी सुमारे पाव लोकांना तो अंशतः किंवा पूर्णपणे आठवू लागला, आणि त्यांना तर कोणी कोठडीतही ठेवले नव्हते. २००८ मध्येच निम्हान्सच्या तत्कालीन संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही तंत्रे शास्त्रीय नाहीत आणि पुरावा म्हणून वापरू नयेत, असा अभिप्राय दिला. त्या अभिप्रायाला पुण्यातील निकालाच्या निम्मीही प्रसिद्धी लाभली नाही.

या यंत्रामागे एक तत्त्वज्ञान नकळत दडलेले आहे. ज्याला कृत्य आठवते तोच कर्ता, हा जॉन लॉक यांनी १६९४ मध्ये मांडलेला विचार. थॉमस रीड यांनी १७८५ मध्ये त्याची विसंगती दाखवली: म्हाताऱ्या सेनापतीला तारुण्यातील पराक्रम आठवतो, त्या तरुण अधिकाऱ्याला बालपणी खाल्लेला मार आठवत होता, पण सेनापतीला तो मार आठवत नाही, मग सेनापती आणि ते पोर एकच की वेगळे? भारतात हा वाद त्याहून जुना आणि अधिक टोकदार आहे. माणूस क्षणोक्षणी निराळा होत असेल तर केलेल्याचे फळ बुडेल आणि न केलेल्याचे माथी बसेल, हा नैयायिकांचा बौद्धांवरील आक्षेप. पण स्थिर आत्मा नाकारूनही बौद्धांनी जबाबदारी सोडली नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आंबे चोरणारा म्हणतो, याने लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे. नागसेन त्याला सोडत नाही, कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यांपासूनच निपजले. जबाबदारी येथे कार्यकारणाच्या उघड साखळीवर उभी आहे; चोराच्या मनात काय चमकले, यावर नव्हे. विसरला म्हणून कोणी सुटत नाही, आणि डोळ्यांपुढे चित्र उभे राहिले म्हणून कोणी गुंततही नाही.

यावर एक सबळ प्रतिवाद आहे आणि तो टाळता येणार नाही. रॉबर्ट सपोल्स्की यांनी २०२३ च्या पुस्तकात लिबेटवर भिस्त ठेवलेली नाही. इच्छा कोणत्या मिलिसेकंदाला उमटली हा प्रश्नच गौण, ती इच्छा घडवणारी जनुके, बालपण, दारिद्र्य यांपैकी काहीच माणसाने निवडलेले नसते, असे ते म्हणतात. हे म्हणणे खरे आहे. पण त्यावरून कोणावरच दोष ठेवता येत नाही, हे निघत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २२ आरोपीची इच्छा कारणाविना उपजली का, असे विचारत नाही. कृत्याचे स्वरूप, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे जाणण्याची क्षमता मनोविकारामुळे नव्हती का, एवढेच ते विचारते. भारतीय दंड संहितेनेही १८६० पासून हेच विचारले. सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा नसते, तेही त्याच्या मेंदूत कार्यकारणभाव जास्त असतो म्हणून नव्हे. क्षमता कमी-अधिक असते, ती वागण्यातून तपासता येते, आणि मेंदूविज्ञान तिथे खरोखर उपयोगी पडू शकते. दारिद्र्याने आणि मारहाणीने ती क्षमता खुरटते हे सपोल्स्की दाखवतात, ते शिक्षा ठरवणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशाने वाचावे. त्यासाठी क्षमता हा शब्दच पुसून टाकण्याचे कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी सक्तीने करणे हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) आणि २१ चे उल्लंघन ठरवले. संमतीने झालेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतः पुरावा होत नाही. मात्र त्या माहितीवरून पुढे काही हाती लागले तर ते मान्य होऊ शकते. त्या फटीतून चाचण्या चालू राहिल्या. २०२० मध्ये हाथरस प्रकरणातील चार आरोपींना सीबीआयने गांधीनगरला नेले ते याच चाचण्यांसाठी. आता सारे काही आरोपीच्या संमतीवर, म्हणजे त्याच्या इच्छास्वातंत्र्यावर, टेकलेले आहे. ती संमती मागितली जाते कोठडीत असलेल्या माणसाकडे. न्यायदंडाधिकाऱ्यासमोर ती नोंदवून त्याला परत त्याच कोठडीत पाठवता येते. आणि त्याने नकार दिला, तर त्याच रात्री वाहिन्यांवर प्रश्न झळकतो: निर्दोष असेल तर चाचणीला घाबरतो कशाला?