मर ही मर्जी नव्हे, रोग आहे

हरभऱ्याचं उभं पीक पिवळं पडून वाळलं की गावात हळहळ होते आणि 'अल्लाहची मर्जी' या शब्दांवर विषय संपतो. शेजारच्या बांधावर हेच 'देवाची इच्छा' म्हणून ऐकू येतं. पण वाळलेलं झाड उपटून त्याचं खोड उभं चिरलं, तर आत काळपट तपकिरी रेघ दिसते. ती फ्युजेरियम बुरशीची खूण. हरभरा नसतानाही ही बुरशी जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. त्यामुळे एखाद्या वर्षी पीक बदलून ती जात नाही. तिला दाद न देणारं वाण पेरणं हाच त्यावरचा मोठा उपाय.

दुसरं संकट पाण्याचं. कोरडवाहू हरभरा पावसाळ्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढतो आणि नेमके घाटे भरायच्या वेळी ती ओल संपते.

या दोन्हींवर आपल्याच देशात काम झालं आहे. कर्नाटकातलं अण्णिगेरी-1 हे शेतकऱ्यांचं आवडतं वाण मर रोगाला बळी पडू लागलं. शास्त्रज्ञांनी डब्ल्यूआर 315 या वाणातली रोगप्रतिकारक्षमता त्यात आणली आणि सुपर अण्णिगेरी-1 तयार झालं. आयसीसी 4958 या वाणाची मुळं खोल आणि दाट असतात. त्याचा दुष्काळ सोसण्याचा गुण पुसा 372 मध्ये आणून पुसा चिकपी 10216 तयार केलं. दोन्ही वाणं 2019 साली पुढे आली. हैदराबादजवळची इक्रिसॅट, भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि कृषी विद्यापीठं यांचं हे काम आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. लाखो ओळींतून नेमकी हवी ती ओळ शोधणं किती किचकट असतं, हे मला ठाऊक आहे. इथे डीएनएमधल्या खुणा पाहून, संकरातून आलेल्या रोपांपैकी कोणतं पुढे न्यायचं ते ठरवतात. दुसऱ्या जीवाचं जनुक यात घातलेलं नसतं. त्यामुळे बीटी कापसाचे वाद इथे आणण्याचं कारण नाही.

हरभऱ्याच्या फुलात स्वपरागण होतं, म्हणून घरचं राखलेलं बियाणं मूळ वाणासारखंच उगवतं. 2001 च्या कायद्यानेही शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, पेरण्याचा आणि वाटून घेण्याचा हक्क दिला आहे. जे बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही, त्यात खासगी कंपन्यांना फारसा रस नसतो. म्हणून सरकारी संशोधनाचा पैसा आटणं परवडणारं नाही. बुरशीही रूप बदलत राहते. आजचं वाण उद्या तिला बळी पडू शकतं, अण्णिगेरी-1 हेच त्याचं उदाहरण.

मग हे बियाणं शेतात पोचतं का? अनुदानाचं बियाणं मागायला गेलं की सातबारा लागतो. बटईने कसणाऱ्याचं नाव त्यावर नसतं. बियाणं निवडून, वाळवून, राख लावून डब्यात ठेवणाऱ्या बाईचंही बहुधा नसतं. शेत कसतो कोण, हे सरकारने कागदापलीकडे जाऊन पाहिलं पाहिजे.

सरकार हलेपर्यंत आपणही बसून राहायला नको. आपल्या जमाती सदका-ए-जारिया म्हणून बोअर मारतात, पाण्याच्या टाक्या बांधतात. त्याच पैशातून रोगप्रतिकारक वाणाच्या दोन-चार पिशव्या घ्याव्यात. गावातल्या एका शेतात ते बियाणं वाढवावं आणि पुढच्या रब्बीला जात-धर्म न पाहता बटाईदारांना आणि विधवा बहिणींना वाटावं. घेणाऱ्याने पीक आल्यावर तितकंच बियाणं परत करावं, म्हणजे ते आणखी कुणाला देता येईल. पेरण्याआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळायचं, हेही सांगावं.

आधी उंट बांध, मग तवक्कुल कर, ही शिकवण आपण मुलांना देतो. मर लागणाऱ्या जमिनीत जुनंच बियाणं टाकून नशिबाला बोल लावणं त्या शिकवणीत बसत नाही.